एकतीस फायली आणि एक नाव

अशोक चौकाच्या पुढं, टायरवाल्याच्या डोक्यावर,
एप्रिलात हात लावू नये असा लोखंडी जिना,
वर माझं दुकान.
पाटीवरच्या 'दुरुस्ती'तला रु कधीच गळून पडलाय.
लोक 'दुस्ती' वाचतात आणि तरी वर येतात.

आज यन्नमांच्या टॉवेल कारखान्यातला संगणक आलाय
रिक्षातून, जुन्या चादरीत गुंडाळून,
ताप आलेलं पोर आणावं तसा.
सोबत भाग्यलक्ष्मी यन्नम. उभ्याच.
"जकार्डच्या डिझाइनी उघडेनात.
मोर नाही, हत्ती नाही, वेलाची किनार नाही.
नुसत्या पांढऱ्या खिडक्या."

मी स्कॅन लावतो. पंखा त्यांच्याकडं वळवतो.
टक्के चढतात सावकाश,
मागावर कापड वाढतं तसे.

एकतीस.
एकतीस सापडल्या, एकतीस कोंडल्या.
"मारल्या का?"
नाही वहिनी. मारल्या नाहीत.
नाव बदललं, दात काढले,
एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली.
विलगीकरण. शब्द तुम्हाला माहीत आहे,
दारावरच्या स्टिकरवरून आपण सगळेच शिकलो तो.

"मग पुसून टाका."
थांबा. कधी कधी भली फाइलही चोर ठरते,
चोरासारखा शर्ट घातला म्हणून.
ही बघा, मागाला मोर समजावून सांगणारी.
हिला पुसलं तर मशीन मोर विसरेल.
हिला सोडतो, जामिनावर.
बाकी तीस महिनाभर आत राहू देत,
कुणी त्यांची आठवण काढतं का बघू,
मग जाळू.

"त्यापेक्षा मागं न्या की.
दीर म्हणाले, मागं नेता येतं. चौदा तारखेच्या आधी."
येतं. रिस्टोर पॉइंट तीन आहेत.
पण मागच्या तारखाही नितळ नसतात, वहिनी.
त्यांच्यातही तो झोपलेला असू शकतो
पाय पोटाशी घेऊन;
तिथं नेलं की जांभई देऊन उठेल.
शिवाय मागं जातं ते मशीन.
बिलं, उधाऱ्या, सुताचा हिशोब
आहे तिथंच राहतो.

तेव्हा त्या खुर्चीवर बसतात, पहिल्यांदाच,
आणि जे विचारायला आल्या ते विचारतात:
"कुणी घातला?"

नोंद माझ्यासमोर आहे.
चौदा तारीख, दुपारी एक बावन्न, जेवणाची सुट्टी.
एक पेन ड्राइव्ह. कुणीतरी जपून नाव दिलंय त्याला:
'रेणुका नर्सिंग फॉर्म'.
मग प्रिंटरला एक पान. फक्त एक.

बॉबिन भरणारा मल्लिनाथ. त्याची रेणुका.
बीडी घरकुलात आमच्याच लायनीला,
आईच्या सुपातली तेंदूची पानं सरकवून
कोपऱ्यात वही मांडणारी.

"कळत नाही ओ," मी म्हणतो,
"नेटवरूनही येतात. वाऱ्यावर."
त्या बघत राहतात माझ्याकडं.
खालून आवाज येतो,
"हवा भरालास का झोपलास बे?"

मी ते नाव पुसत नाही.
पुसलं तर माझं इमान, सोडलं तर त्याची भाकरी.
आत घालतो. बाहेरून कडी.

जुने तिन्ही पॉइंट काढून टाकतो,
आजचा नवा करतो. मशीन नाव मागतं.
काय लिहू?
पडद्यावर तुकड्यातुकड्यानं पिसारा उमटत असतो.
"लिहा, मोर आला," त्या म्हणतात,
आणि हसू येण्याआधी पर्स उघडतात.

चारशे होतात. पाचशे देतात, सुट्टे नको म्हणतात.
जिन्याशी थांबून, चादर खांद्यावर टाकत,
"मल्लिनाथच्या पोरीची यादी लागली का ओ?
तुमच्याच लायनीला ना ते?"

मी मान खाली घालून स्क्रू मोजतो.
एक जास्त निघतो.
दर वेळी निघतो.