बेचाळीस दिवस

कोपरखैरण्यात, चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत
वजनकाटा मांडला.
खोबरेल पाचशे ग्रॅम, करंजाचं थोडं,
आणि ग्रॅमभरही चूक न चालणारं कॉस्टिक.
कृती तीनदा वाचली होती,
तरी चमचा वाजत होता भांड्यावर.

सासरे आत पेपर वाचत होते.
डब्याचं झाकण फिरलं
त्या आवाजावरूनच ओळखलं त्यांनी.
उठून आले. कपाटातला जुना गॉगल,
पवण्याच्या कंपनीतला, पट्टा सैल झालेला,
न विचारता माझ्या डोळ्यांवर चढवला.
"पाण्यात हे घालायचं.
ह्याच्यात पाणी नाही. कधीच नाही."
आणि मनगटावरचा गुळगुळीत डाग
बाहीखाली ओढून घेतला.

विस्तवाशिवाय पातेलं तापलं.
मी घोटत राहिले, ते घड्याळ बघत उभे,
शिफ्ट लागल्यासारखे.
पिठल्याइतकं दाटलं तेव्हा
ताकाच्या रिकाम्या खोक्यात ओतलं,
जुन्या शालीत गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेरा वड्या पाडल्या,
एकीसारखी दुसरी नाही.
आता बेचाळीस दिवस वाळायच्या.

रोज संध्याकाळी ते एक उचलतात,
सवयीने नाकाशी नेतात,
मग मला विचारतात, "कसला येतोय?"
एकतीस वर्षांच्या नोकरीत
वास तेवढा तिकडेच राहिला.

काल म्हटलं, खोबऱ्याचा.
आज म्हटलं, वाळ्याचा.
वाळा मी घातलाच नव्हता.

"हं," म्हणाले,
आणि वडी उलटी करून ठेवली,
खालच्या अंगालाही वारा लागावा म्हणून.