खडूच्या पेट्या

लेखापरीक्षक सोमवारी येणार,
म्हणून कपाट उघडलं. डांबरगोळ्यांच्या वासात
पंचावन्न वर्षं एकावर एक निजलेली,
लाल कापडी बांधणी, कोपरे उंदरांनी नेलेले.

कीर्द क्रमांक एक. पालवांचं अक्षर,
आकडेसुद्धा आंघोळ करून बसल्यासारखे.
खडू, बावीस पेट्या.
घंटेला दोरी, सव्वा रुपया.
माठ दोन, माठाला फडकं.
पगार सोडले तर त्या अख्ख्या वर्षाचा खर्च
आमच्या एका महिन्याच्या वीजबिलात मावतो
आणि वर चहाला उरतात.
पटावर तेव्हा अकराशे बारा पोरं,
कुर्ल्याच्या या तीन मजल्यांत, दोन पाळ्यांत,
एका बाकावर चौघं.

बांगलादेश झाला त्या वर्षी
नवे नकाशे घेतलेच नाहीत.
जुन्यावर कागद चिकटवला: गोंद, पंचाहत्तर पैसे.

ब्याऐंशीला जमेची बाजू रोडावली.
फी माफ, फी माफ, फी बाकी, फी माफ.
लवू मेस्त्री सांगतो, त्या वर्षी
खडू अर्धे मोडून वर्गावर द्यायचो,
वहीत सही घेऊन.

अठ्ठ्याण्णवला संगणक आला, एक.
त्याला खोली, खोलीला कुलूप,
खिडकीला पडदा, आणि त्याला उकडू नये म्हणून एसी.
पाचवी क ला पंखा पुढल्या वर्षी.

नंतरच्या वह्या मी माझ्याच हाताने लिहिल्यात,
त्या वाचायला चष्मा लागत नाही.
कॅमेरे. आगीचे लाल नळकांडे. वॉचमन एजन्सी.
पूर्वी पोरांना नाही म्हणायला शिपाई दारात उभा असे,
आता पोरं यावीत म्हणून
पुलाखाली फ्लेक्स, रिक्षावर भोंगा.
पट चौऱ्याण्णव.
गेल्या वर्षी खडू एक पेटी, तीही उरली.

एक ओळ मात्र प्रत्येक मार्चात होती: किरकोळ.
पावत्यांवर नाव नाही, फक्त तुकडी.
सहावी ब, चप्पल.
दहावी अ, परीक्षेचा फॉर्म.
आठवी ड, टाके तीन, टॅक्सी.
नव्या सॉफ्टवेअरात हा रकाना नाही.
"इतर" दाबलं तर कारण विचारतं,
बिल जोडा म्हणतं.

शुक्रवारी सातवीतला मुस्तकीम
फळ्यावरचं तीन ऐवजी आठ वाचत होता.
चष्म्याचे साडेआठशे झाले.
मी लिहिलं: खडू, बारा पेट्या.
गालांच्या दुकानातून बिल आलं.
काय, कशाला, त्यांनी विचारलं नाही,
इतकंच म्हणाले, वडीलही द्यायचे, पालवसाहेबांना.

रात्री ब्याऐंशीची कीर्द पुन्हा काढली.
बोटाने ओळ धरून खाली आले.
दोरी. रॉकेल. झाडू.
खडू, चाळीस पेट्या.