उजवी टिचकी

तळपदे साहेबांचा उजवा हात
जानेवारीपासून ऐकत नाही.
सही अजून होते, मनगट टेबलावर दाबून धरलं तर.
माऊस मात्र
परातीतल्या खेकड्यासारखा तिरका पळतो.

स्टार्ट दाबायचं, मग प्रोग्रॅम्स,
बाजूला एक पट्टी उघडते, तिच्या बाजूला दुसरी,
दुसरीच्या पोटातून तिसरी,
आणि 'भुलेश्वर पागडी' अगदी बोटाशी आलेलं असताना
बोट थरथरतं.
सगळ्या पट्ट्या एकदम गायब,
पालिकेची गाडी दिसल्यावर
फेरीवाल्यांनी चादरी आवळाव्यात तशा.

साहेब काही बोलत नाहीत.
चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा स्टार्ट.
अठ्ठेचाळीस वर्षं कोर्टात तारखा घेतल्यात,
थांबायचं त्यांना काय नवल!
मलाच बघवेना.

शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मागे थांबले.
खाली बोराबाजार सुस्तावलेला, पंखा दोनवर,
आणि मेन्यू उपसायला घेतला.
पत्त्यांचे खेळ. कॅलक्युलेटर.
कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर,
ते अजून रोज सकाळी
"कागद भरा" म्हणायचं.
घट बसायच्या आधी फडताळं झाडतात
तसं सगळं झाडलं.

मग उजव्या टिचकीत पाच फोल्डर बसवले,
एकाखाली एक, आडगल्ली नाही.
पण मेन्यूला फक्त बाराखडी येते,
निकड कळत नाही त्याला.
'अर्ज' डोक्यावर घेतो, 'हायकोर्ट' पायाशी.
त्याला फसवायला
नावांच्या आधी आकडे लावले:
१ हायकोर्ट, २ भुलेश्वर पागडी,
३ भरूचा बहिणी
(एका जिन्यावरून सात वर्षं भांडतायत, जिना पडला तरी),
४ तारखा,
५ फी येणे. हे सगळ्यात जाड.
अक्षर मोठं केलं. दोन ओळींत एवढी जागा सोडली
की माणूस घसरला तरी
शेजाऱ्याच्या दारात पडू नये.

सोमवारी साहेबांनी डाव्या हाताने
मेन्यूची कळ दाबली, मग दोन.
भुलेश्वर उघडलं.
बंद केलं. परत दोन.
परत.
नव्या घराची बेल वाजवत सुटलेल्या पोरासारखे.
"तांडेलबाई, हे तर पट्टेवाला ठेवल्यासारखं झालं,"
म्हणाले, आणि डब्यातलं कोलंबीचं आटलं
माझ्या झाकणात वाढलं. अर्धं टेबलावर सांडलं.
आम्ही दोघांनी ते पाहिलं नाही.

जेवणानंतर म्हणाले, अजून एक आहे.
'इच्छापत्र'.
लोकांची शेकड्यांनी केली, हे स्वतःचं.
आत सतरा मसुदे:
अंतिम, अंतिम सुधारित, अंतिम दोन,
खरोखर अंतिम.
मी सहाचा आकडा टाइप केलासुद्धा.

"वर नको," म्हणाले.
"हे जरा लांब टाका. आडगल्लीत.
तिथे माझा हात चुकलेला बरा."

कॉम्प्युटर क्लासात हे शिकवलं नव्हतं.
तिथे सगळं लवकर पोचायचंच.
मी उलटी निघाले:
'किरकोळ', त्यात 'किरकोळ जुने',
त्यात 'वीजबिलं', त्यात 'गळती दुरुस्ती',
त्यात आणखी तीन, नावंसुद्धा आता आठवत नाहीत,
सगळ्या आडव्या उघडणाऱ्या, अरुंद, बारीक अक्षरांच्या.
तळाशी ते ठेवलं.

साहेबांनी एकदा जाऊन पाहिलं.
वीजबिलांपर्यंत पोचले,
गळतीवर बोट हललं,
सगळं मिटलं.

चष्मा काढला. पुसला.
मेन्यूची कळ, मग तीन.
भरूचा बहिणींची तारीख गुरुवारी आहे,
आणि जिन्याचा नकाशा अजून सापडत नाही.