तीन विती, चार बोटं

मेडिकल चौकातल्या सर्जिकलच्या दुकानात
पोरानं पट्टा काउंटरवर टाकला,
तसा मी आधी तो उलटा केला.
सवय. कापड हातात आलं की पाठ बघायची.
पाठ खोटं बोलत नाही.

रबराचा ताणा, नायलॉनचा बाणा,
मधे पोलादाच्या चार पट्ट्या शिवलेल्या,
किनार सरळ, एक गाठ नाही.
"काका, घालून बघा ना," पोरगं म्हणालं,
"कापड काय बघता?"

चौतीस वर्षं पाचपावलीत खड्डामागावर बसलो.
पाय खड्ड्यात, कंबर फणीकडे झुकलेली,
नऊ नऊ वार लुगडी विणली
कुणाकुणाच्या कमरेला.
माझ्या कमरेसाठी कुठं कुणी
वीतभर रुंदीचं काही विणत असेल,
हे डोक्यात आलं नव्हतं.

माग विकला. खड्डा बुजवून फरशी घातली,
तिथं आता फ्रीज आहे.
रात्री तो थरथरतो
तेव्हा मला पोटऱ्यांत कळ येते.

आता गांधीबागेत सुरतचे गठ्ठे उचलतो.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
त्यातल्याच एका गठ्ठ्यानं
खाली बसवलं, ते उठूच देईना.
धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली,
"ही बघा, चौथ्या-पाचव्यामधली गादी चेपली.
ओझं उचलताना बांधा, घरी आलात की सोडा.
दिवसभर आवळून बसलात तर स्नायू आळशी होतील.
पट्टा म्हणजे कणा नाही, निखारेकाका."

नाही तर नाही. पण उभं तर करतो.
गोदामात आता माझ्या आधी
माझा आवाज पोचतो, कर्रर्र,
आणि पोट्टे ओरडतात,
"सरका बाप्पा, निखारेभाऊ बांधून राह्यले!"
मे महिन्यात आत नुसती भट्टी.
बनियनवर बांधा, कातडीवर नको,
हे सांगणारी कातडीच होती:
घामोळ्यांचा एक पट्टा, पट्ट्याच्या मापाचा.

त्या चिकटपट्टीत सगळं अडकतं.
गोणपाटाची तूस, बनियनचं सूत, केस.
रविवारी सुई घेऊन बसलो साफ करायला,
तर एक हिरवा धागा निघाला.

बोटांत फिरवला.
सुती, ऐंशी नंबरचा.
सुरतचा नव्हे.
हा मी विणलेला.
माग मोडायच्या आधीचं शेवटचं लुगडं,
गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून
कौतिका घरात नेसते, ते.
घडीत कणीक होती. वाळलेली.

म्हणजे मी झोपलो की.
म्हणजे भल्या पहाटे, धुणं-पाण्याच्या वेळी,
माझ्यासाठी आवळलेला पट्टा
आणखी आवळून.
चौतीस वर्षं रहाटाशी ओणवी बसून
तिनं कांड्या भरल्या,
तेव्हा कुठं माझा धोटा पळाला.
तिच्या कमरेची फिल्म कुणी काढली नाही.
तिनं मागितली नाही, मी विचारलं नाही,
हिशेब बरोबर बसत होता.

सोमवारी पुन्हा त्याच दुकानात.
"कोणाला पाहिजे? माप?"
मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.
लुगड्याचा पन्हा सांगता आला असता.
लांबी सांगता आली असती, सूत, वजन.
"विचारून सांगतो," म्हटलं.

विचारलं नाही. ती तव्यासमोर उभी होती.
मागून गेलो आणि कमरेवर वीत ठेवली.
"काहून? डोकं फिरलं का?"
"हालू नको."
एक.
अंगठ्याखाली मणके लागले, मोजता येतील असे.
दोन.
"डॉक्टरकडे जाऊ आपण," मी म्हटलं.
"मले काय झालं?"
तीन. आणि वर चार बोटं.
मग ती हसली, तसं एक बोट वाढलं,
म्हणून पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतलं.

तव्यावरची पोळी करपायला लागली होती.
दोघांपैकी कुणी ती उलटली नाही.