भाव

मेसेज इंग्रजीत येतो.
मी वाचते, आणि अव्वा माझ्या तोंडाकडे बघत राहते.
"आले?"
"आले."
मग ती पदराला हात पुसते.
हात कोरडेच असतात.

दुधनीत झेरॉक्सच्या दुकानात,
लग्नपत्रिकांच्या नमुन्यांखाली,
रेवणसिद्धचं टेबल. तो मशीन पुढं सरकवतो.
उजवा अंगठा, नाही.
डावा अंगठा, नाही.
खुरप्यानं रेषा कुठल्या कुठं नेल्या.
"मावशी, बोटाला जरा खोबरेल चोळून येत जावा."
"डोक्याला पुरलं तर बोटाला लावीन की!"
रांगेतल्या बायका हसतात.
पाचव्या खेपेला, करंगळीशेजारच्या बोटावर,
मशीन टुंग करतं.
तीन नोटा. पाचशेच्या.

आजवर आमच्या घरात नोट आली
ती कुणाच्या तरी हातातून:
मुकादमाच्या, आडत्याच्या, धाकट्या मामाच्या.
प्रत्येक हात देताना काहीतरी बोलला.
हे पैसे काहीच बोलेनात,
अव्वाला त्याचीच भीती वाटली.
"नंतर काय मागतील गं?"
पहिले आठ दिवस नोटा शाळूच्या डब्यात होत्या,
आणि अव्वा डब्याला पाठ लावून झोपत होती.

नवव्या दिवशी तिनं एक लिटर तेल आणलं.
एरवी दहाची पुडी.
चन्नप्पा दुकानदार म्हणाला, "पाहुणे आलेत का?"

अप्पा आडतीवर तुरीची पोती उचलतो.
दोन महिने पैशाबद्दल अवाक्षर काढलं नाही,
मग एका रात्री भिंतीकडं बघत म्हणाला,
तीनशे लागतील.
"कशाला?"
त्याच्या जन्मात त्याला हे कुणी विचारलं नसावं.
"दाढ."
पॅसेंजरनं सोलापूरला गेले दोघं,
दाढ काढून आले, कागदात गुंडाळून दाखवायलाही आणली.
तीन वर्षं तो एकाच बाजूनं चावत होता.
आम्हाला वाटायचं, त्याचं तोंडच तसं आहे.

भाद्रपदात मुकादम दारात गाडी बंद न करताच ओरडला,
"निंगव्वा, उद्या वरच्या रानात. दोनशे."
अव्वा म्हणाली, "नको."
त्यानं गाडी बंद केली.
"तब्येत बरी नाही?"
"बरी हाय."
"मग?"
"अडीचशेला येते."
तो गेला. ती उंबऱ्यात बसली,
ओच्यात हात दडवून, कारण ते थरथरत होते.
संध्याकाळी दोनदा मला म्हणाली,
जा, सांगून ये त्याला, येते म्हणाली म्हणून.
मी दोनदा चप्पल घातली,
दोनदा तिनंच मला परत बोलावलं.
पहाटे तो आला. "दोनशे तीस."
अव्वा गेली.
त्या दिवशी वरच्या रानात अकरा बायका होत्या,
अकराही जणींना दोनशे तीस.
कुठल्याच वहीत याची नोंद नाही,
म्हणून मी इथं करून ठेवते.

सगळं बदललं असं नाही.
पत्रा अजून चुलीवरच गळतो.
मल्लूची शाळेची पँट अजून माझ्या चुलतभावाची आहे.
माघात मेसेजच आला नाही,
कसली तरी पडताळणी राहिली होती.
रेवणसिद्धनं फक्त खांदे उडवले.
चन्नप्पाकडं पुन्हा पुडी,
आणि अव्वाचा आवाज पुन्हा आधीइतका बारीक.
दीड महिना.
तेव्हा कळलं, आवाज किती वाढला होता.

परवा बाजारात ती स्टीलच्या डब्यापाशी थांबली.
उचलला, उलटा केला, बोटाच्या पेरानं वाजवला,
भाव विचारला,
ठेवून दिला.
असे कितीतरी डबे तिनं आजवर ठेवून दिलेत.
पण परतीच्या वाटेवर, कालव्यापाशी, म्हणाली,
"जास्त सांगत होता मेला."

असं ती आधी कधी म्हणाली नव्हती.
आधी सगळेच भाव जास्त होते.