टिंब आणि सोन्ने

साडेचार इंच. अप्पानं पट्टी लावून मोजलं,
मग उलटं धरून टोकावर अंगठा दाबला
आणि म्हणाला, ह्यो खिळा हाय. चप्पल कुठाय?

इव्हेंटवाल्या ब्रागांझा मॅडमनी दिलेले सँडल,
सोनेरी, डाव्यात आधीच्या कुणाच्या तरी करंगळीचा खड्डा.
रात्रीला सहाशे. दारात उभं राहायचं, गुलाबपाणी शिंपडायचं,
मराठी पाहुणा आला तर ‘या’, कन्नड आला तर ‘बर्री’.
ओळखायचं कसं? आधी हसायचं, म्हणाल्या,
आणि चालताना खाली बघायचं नाही.

अथणीत आमच्या गल्लीत
खाली बघितल्याशिवाय कोण चालतं?
आरी पडलेली असते, भिजत घातलेलं कातडं,
लगमव्वा काकूंची कोंबडी.

रात्री सराव. पाण्याच्या कट्ट्यापासून उंबऱ्यापर्यंत
नऊ पावलं, भिंतीला धरून.
गुडघे पुढं पळतात, कंबर मागं राहते,
आणि सगळी मी येऊन बसते चवड्यावर,
जिथं अप्पाच्या मापात नुसती एक रेघ असते.
बावीस वर्षं माझ्या पायाखाली म्हैस होती,
सपाट, गुमान.
आई पट्ट्यांची वेणी घालत होती.
वर न बघता म्हणाली, नवं करडू असंच चालतंय.

ओल्या फरशीवर उमटलं:
पुढं एक पान, मागं एक टिंब.
मधला पाय गायब.
शाळेत टिंब विसरलं की बाई छडी मारायच्या,
आता घ्या की बाई, पावलागणिक एक.

पहिलं लग्न चिकोडी रोडला. कारखान्याच्या डायरेक्टरची मुलगी.
लॉन आहे हे कुणीच सांगितलं नव्हतं,
त्यात दुपारीच पाणी मारलेलं.
पहिल्या पावलाला टाच आत गेली, ओढली तर दुसरी गेली,
गुलाबपाणी एका काकांच्या चष्म्यावर.
मग सव्वा तास मी जागची हललेच नाही.
लोक म्हणाले, पोरीला शिस्त काय आहे बघा!
‘पुढं जातो’ म्हटलं तर पुण्याची पाहुणी खुदकन हसली.
आमच्याकडं पोरीही ‘जातो’च म्हणतात, बाई.
निदान तेवढं एक पाऊल तरी सपाट राहू दे.

घरी सांगितलं. आई हसली, अप्पा नाही.
तुकड्यांच्या डब्यातून जाड कातडं काढलं,
पेढ्याएवढ्या चकत्या कापल्या, तिहेरी,
चिकटवल्या नाहीत, शिवल्या. मधोमध भोक.
टाच त्यात बसवून, जमिनीवर दोनदा आपटून
म्हणाला, आता रुत बघू.
मला म्हणाला का चिखलाला, कळलं नाही.

निपाणीच्या लग्नात मी मुद्दाम मागं वळून बघितलं.
मॅडमचं लक्ष नव्हतं.
ओल्या मातीत माझ्यामागनं गोल गोल आलेले,
टिंबाच्या जागी सोन्ने.
कन्नडात टिंबाला तेच म्हणतात, म्हणजे शून्य.
काम तेच, नाकातला आवाज तोच,
फक्त रुंद,
म्हणून बुडत नसावं.

बाकीच्या पाच पोरींनी मागितल्या.
अप्पानं जोडीला वीस घेतले, मॅडमकडनं तीस.
वर विचारलं, हे सँडल करणाऱ्यानं
बाईचा पाय कधी हातात घेतला होता का?
मॅडम म्हणाल्या, मशीनवर होतात.
अप्पा ‘हं’ म्हणाला. लई वेळ तेवढंच.

खरं, दुखायचं ते दुखतंच.
चकतीनं मातीचं भागतं, पोटरीचं नाही.
पहाटे स्टँडवर सँडल पिशवीत, पायात घरच्या चपला,
अथणीची गाडी लागलेली,
आणि दर पावलाला टाच जराशी पडते,
अंधारात जिन्याची
एक पायरी चुकावी तशी.