चाराला तीन

मावशी फोनवर विचारते, तिकडे नक्की बांधतेस तरी काय?
मी सांगते: दोन तळी. एक खाली, एक डोंगरावर,
मधे बोगदा. रात्री वारा फुकट जातो
तेव्हा पाणी वर चढवायचं,
संध्याकाळी घरोघरी चुली पेटल्या की खाली सोडायचं.
वीज किती मिळते मग?
चार युनिट घातले की तीन.
ती गप्प होते. मग म्हणते,
अगं, हे रहाटगाडगंच की. तेही तोट्यातलं.

इन्व्हरगॅरीत आज पाऊस आडवा आहे,
कंटेनरच्या पत्र्यावर मूठमूठ वाळू फेकल्यासारखा.
भिंतीवर वेळापत्रक, नऊ फूट लांब,
त्यातली लाल रेघ माझी.
तिच्यावर बोट ठेवून लोक माझ्याशी बोलतात,
माझ्याकडे न बघता.

मंगळवारी बोअर सतराचा गाभा वर आला.
एल्सपेथने पेट्या ओळीने मांडल्या:
उसाची कांडकी तोडून ठेवावीत तसा दगड,
करडा, ठोकला तर खणखणीत.
तीनशे बारा मीटरवर मात्र
हातभर नुसती माती.
ओली, हिरवट. तिने अंगठ्याने दाबली,
ठसा तसाच राहिला.
"हे तुझ्या छताच्या बरोब्बर वर आहे," ती म्हणाली.
तुझ्या छताच्या,
जणू मी तिथे राहायलाच जाणार होते.

ग्लासगोचे डिझायनर म्हणाले, बोल्ट वाढवू.
ठेकेदार म्हणाला, वाढवा, दर नवा लागेल.
मालकांचा क्रिस्पिन म्हणाला, तारीख हलणार नाही,
आणि कॅमेरा बंद केला.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो.
इथे ते रिस्क रजिस्टरमध्ये, ओळ एकशे चाळीसवर,
शब्दशः लिहिलेलं होतं.
शक्यता: मध्यम. जबाबदारी: माझं नाव,
स्पेलिंग चुकलेलं.

तोरब्यॉर्न, बोगद्याचा फोरमन,
एकोणचाळीस वर्षं दगडाच्या पोटात काढलेला,
बैठकीत अवाक्षर बोलला नाही.
नंतर चहाच्या मशीनपाशी म्हणाला,
"मी माझी माणसं पाठवीन तिथे. तू सांगितलंस तर."
एवढंच. साखर विरघळल्यावरही ढवळत राहिला.

रात्री स्क्रीनवर मी पॉवरहाउस सरकवलं
चौसष्ट मीटर उत्तरेला, अकरा अंश फिरवून,
घरात कपाट हलवावं तसं.
इकडे भिंत अडते, तिकडे दार उघडत नाही.
केबलचा बोगदा लांबतो,
पाणी बाहेर पडायच्या वाटेला कोपर येतं.
सव्वीस आठवडे.
पैसे तीनदा मोजले, पेन्सिलने लिहिले.
पहाटे सही केली. रिव्हिजन जे.

तेव्हापासून क्रिस्पिन मला पाण्यात पाहतो.
पाणी यायला अजून सात वर्षं आहेत.

गावच्या हॉलमध्ये एफी चिझम उठून उभी राहिली,
वरच्या तळ्याकाठी तिच्या मेंढ्या.
दिसेल कसं ते?
पाणी रोज अठरा मीटर चढेल, उतरेल, मी म्हणाले.
त्या पट्ट्यात गवत उगवणार नाही.
चित्रात आम्ही तो पट्टा दाखवला नव्हता.
चित्रात तळं नेहमी भरलेलं.
"म्हणजे न्हाणीच्या टबाला बसतो तसा डाग,"
ती म्हणाली, आणि खाली बसली.
मी ते लिहून घेतलं.

गाभ्याच्या शेडमध्ये ती माती आता वाळली आहे.
भेगा पडल्या, पण ठसा आहे.
पेटीचं झाकण लावताना मी दर वेळी बघते.

रविवारी मावशीचा पुन्हा फोन.
तो चौथा युनिट, तो जातो कुठे?
घर्षणात, आवाजात. पाणी जरासं तापतं,
हाताला कळणार नाही इतकं.
ती थोडा वेळ विचार करते.
असू दे, म्हणते. थंडीचाच मुलूख आहे तो.